निळ्या धुराचं अनुमान

नाना, यंदा तुमच्या श्राद्धाच्या पंगतीत धाकटा नव्हता, हे तुमच्या नजरेतून सुटलं नसणार. पानं किती मांडली आणि माणसं किती बसली हे तुम्ही जिवंतपणीही न बोलता बघून ठेवायचात, आणि वरण वाढून झाल्यावर विचारायचात, "तो कुठंय?" तर तुम्ही विचारायच्या आत सांगतो. नात्यात, गल्लीत, तुमच्या सुनेच्या माहेरी, सगळीकडं मी "त्याला जमलं नाही" असं सांगितलं. खरं असं की मीच त्याला येऊ नकोस म्हणालो. पिंड एकट्यानं दिले, मंत्र माझे मीच म्हटले, त्यामुळं उच्चार तरी शुद्ध होते. कावळा चटकन शिवला. त्यावरून तुम्हाला धाकट्याची उणीव भासली नाही असं सोयीस्कर अनुमान काढून मी जेवायला बसलो. ज्यानं आयुष्यभर मुलांना अनुमानाचे दोष शिकवले त्यानं इतकं ढिसाळ अनुमान काढावं, यावरूनच माझी अवस्था तुमच्या ध्यानात यावी.

कारण एक गाडी आहे. तुम्ही गेल्यावर धाकट्यानं तुमचं मोंढा नाक्याचं गॅरेज दोन-तीन वर्षं रेटलं, मग गावी पिशोरला जाऊन जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत पडला. तुमचे पाने-पक्कड त्याच्याकडं गेले, आजोबांच्या पोथ्या माझ्याकडं आल्या. आजोबांनी पिशोरात भिक्षुकी केली, तुम्ही ती सोडून ग्रीसमध्ये हात घातलेत, आणि ते मनाला कुठंतरी लागून राहिलं म्हणून थोरल्याला संस्कृतला घातलंत. मी प्राध्यापक झालो तेव्हा गॅरेजात पेढे वाटताना तुम्ही म्हणालात, "एक पोरगं देवाला सोडलं, एक गाड्यांना." कुणाला कुठं सोडलं होतं ते त्या वेळी स्पष्ट होतं, आता मला तितकंसं वाटत नाही. तर गेल्या उन्हाळ्यात धाकट्यानं मला एक डिझेल गाडी दिली, टर्बोवाली. चावी हातात ठेवत म्हणाला, "दादा, वर्षभर मी स्वतः चालवलीय. डोळे मिटून घे." आता तुम्हीच सांगा, जुन्या गाड्या विकणारा माणूस, सख्खा भाऊ का असेना, डोळे मिटायला सांगतो तेव्हा शहाण्यानं काय करावं? मी जे उघडले ते मिटलेच नाहीत.

तुमची सून म्हणाली, "अहो, सख्ख्या भावावर संशय घेता?" मी म्हटलं, संशय नव्हे, परीक्षण. "अस्सं. म्हणजे इतकी वर्षं माझ्या भावांचं परीक्षणच चाललंय तर."

हे घर तुम्ही पाहिलेलं नाही. आपल्याच शहरातल्या सातारा परिसरात, डोंगराच्या अंगाला. रस्त्यापेक्षा उंच आहे, त्यामुळं फाटकातून आत यायला चांगला चढ आहे, आणि गाडी त्या चढावरच नाक वर करून उभी असते. दर शनिवारी अंघोळ-पूजा आटोपली की मी बॉनेट उघडतो, तेल मोजायची डिपस्टिक काढतो, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसतो, पुन्हा घालतो, पुन्हा काढतो. तुम्ही शिकवलेलं सगळं आठवतं आहे याचा मला अभिमान वाटतो. पहिल्याच शनिवारी तेल खालच्या खुणेच्याही खाली. नाना, तुमच्यापाशी खोटं बोलण्यात अर्थ नाही: मला आनंद झाला. शंका खरी ठरली की माणूस क्षणभर स्वतःवर खूश होतो, मग त्यात भाऊ गमावला तरी चालतो. मी तेलाचा डबा आणला, सहामाहीच्या उरलेल्या प्रश्नपत्रिकेचं नरसाळं केलं आणि ओतलं. पुढच्या शनिवारी तेल पुन्हा कमी. पुन्हा ओतलं. वरच्या खुणेला तेल टेकायला चार शनिवार लागले. एवढं तेल जातं कुठं, हा एकच विचार मी वर्गात, जेवताना, संध्येला बसल्यावरसुद्धा करत होतो. मग फरशीवर तळहाताएवढा काळा डाग दिसला. मग सिग्नलला थांबलं की जळक्या तेलाचा वास यायला लागला. आणि एका रविवारी दौलताबादच्या घाटात चढ लागला, मी पाय दाबला, आणि आरशात पाहत तुमची सून म्हणाली, "मागचा मोटारसायकलवाला दिसेनासा झालाय हो."

मी आरशात पाहिलं. धूर निळा होता.

इथं मला तुमच्या गॅरेजातली ती दुपार आठवते. मी एमएच्या वर्गात नुकतंच न्यायशास्त्र शिकलेलो, डोळ्यांवर चष्मा, बोलण्यात माज. डोंगरावर धूर दिसतोय, म्हणून डोंगरावर आग आहे, हे तुम्हाला समजावून सांगतोय. हेतू, व्याप्ती, दृष्टान्त, सगळं रीतसर. तुम्ही जीपखाली आडवे, फक्त चपला बाहेर. चपलांनी ऐकून घेतलं आणि खालून आवाज आला, "धुराचा रंग कोणता?" मी म्हटलं, रंगाचा प्रश्न येत नाही. "कसा काय येत नाय? दोन हजार वर्षं पंडित डोंगराकडं बघत बसले आणि एकानंही रंग नाय विचारला? काळा असंल तर डिझेल जास्त नायतर हवा कमी. पांढरा दाट असंल, गोडूस वास असंल, तर पाणी जळतंय. निळा म्हंजे इंजिनातलं ऑइल. आग हाय हे तर कुणीबी सांगंल शास्त्रीबुवा, जळतंय काय ते सांगा." मी आजही तो पाठ घेतो तेव्हा तुमचा प्रश्न मुलांना विचारतो, फक्त कुणाचा ते सांगत नाही. मुलांना वाटतं सरांचंच डोकं.

ती जीप देवगाव रंगारीच्या एका कंत्राटदाराची. इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या पहिल्या गाड्या तुमच्याकडं यायला लागल्या होत्या तेव्हाची गोष्ट. त्या वेटोळ्या आकारामुळं गॅरेजातले सगळे टर्बोला शंख म्हणायचे, आणि तुम्ही म्हणायचात, हा शंख वाजला की लोक देवापुढं न जाता गॅरेजात येतात. जीप निळा धूर सोडत होती. तुमच्या पाठानं ताजातवाना झालेला मी थेट ड्रायव्हरकडं वळलो आणि म्हणालो, शंख तूच खराब केलास, घाट चढून आल्या आल्या तापलेलं इंजिन बंद करतोस, तेल वेळेवर बदलत नाहीस. पन्नाशीचा माणूस तो. टोपी काढून हातात धरून उभा राहिला. तुम्ही जीपखालून सरपटत बाहेर आलात. तुमचा राग कधी मोठ्या आवाजाचा नव्हता. रॉकेलचा डबा आणि ब्रश माझ्यापुढं ठेवलात. "पूस." काय पुसू? "इंजिन. सगळं. वरपासून खालपर्यंत. माणसावर आळ घ्यायचा तर आधी गाडी पुसायची."

अख्खी दुपार मी ते इंजिन पुसलं. वाळल्यावर तुम्ही खुंटीवरचा जुना पायमोजा काढलात, त्यात खडूची पूड भरलेली, आणि बाळाला पावडर लावावी तसं इंजिनाला थोपटलंत. पांढरं झालेलं इंजिन त्याच ड्रायव्हरच्या हवाली करून घाटावर पाठवलंत. तो परत आला तेव्हा पांढऱ्यावर एकच ओली रेघ होती. "तेल खाली दिसतं म्हणून खाली बघू नकोस," तुम्ही म्हणालात, "सगळ्यात वर कुठं ओलं हाय ते बघ. तेल तिथनं निघालं." शंखातून तेल खाली उतरायची नळी कुठल्याशा दगडानं दबली होती, तेवढंच. ड्रायव्हरचा दोष नव्हता, शंखाचाही नव्हता. तुम्ही मला त्याची माफी मागायला सांगितलं नाहीत. चहा आणायला सांगितलात, आणि पहिला कप त्याला द्यायला लावलात. मी दिला. त्यानं घेतला. एवढं पुरेसं झालं असं त्या वेळी वाटलं होतं.

हे सगळं मला तोंडपाठ होतं, तरी दौलताबादच्या घाटातून उतरल्यावर मी काय केलं, तर गाडी एका चकचकीत वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या टाय लावलेल्या साहेबांनी बॉनेटला हातही लावला नाही, धूर दुरून बघितला आणि "टर्बो बदलावा लागेल सर" म्हणून मोकळे झाले. एरवी अशा माणसावर मी काडीचा विश्वास ठेवला नसता. पण तो माझ्याच मनातलं बोलला, आणि मनातलं बोलणाऱ्यावर संशय घ्यायची सवय मला नाही. तिथूनच धाकट्याला फोन लावला. श्राद्धाला चार दिवस होते.

"शंख गेलाय," मी म्हटलं.

"कसं शक्य आहे दादा? मी नळ्या काढून बघितल्या होत्या. आतल्या पात्याला खेळ नव्हता, जराही डुगडुगत नव्हतं."

"निळा धूर आहे. दर आठवड्याला तेल पितेय."

तो म्हणाला, "एक विचारू? रागावू नको. तेल सपाटीवर बघतोस ना?"

आता याचा मला काय राग यावा! पण आला. मला वाटलं, बघा, विकणारा आपला दोष घेणाऱ्याच्या डोक्यावर ठेवतोय, तेही गोड बोलून. "मला शिकवू नकोस. नानांच्या गॅरेजात तुझ्याआधी मी रॉकेलनं हात धुतलेत. तुला सगळं ठाऊक होतं आणि तू भावाच्या गळ्यात मारलीस."

"नानांची शपथ दादा, मला..."

"नानांना मध्ये आणायचं नाही. आणि श्राद्धालाही यायचं नाही."

तो तुमच्यासारखाच आहे, रागावला की बोलणं बंद करतो. फोन मीच ठेवला. त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

श्राद्ध आटोपल्यावर टर्बो बदलायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी मला त्या टायवाल्याचाही संशय आला. इतके दिवस भावाच्या विरोधात त्याचं म्हणणं मला वेदवाक्य वाटत होतं, आणि भाऊ समोरून दूर झाल्यावर त्याचा टाय डोळ्यांत खुपायला लागला. मग मी चिकलठाण्याला तुमच्या जुन्या मिस्तरीकडं गेलो. तुमच्या हाताखाली वीस वर्षं काढली, आता दाढी पांढरी झालीय, स्वतःचं गॅरेज आहे, आणि भिंतीवर खुंटीला एक पायमोजा लटकतोय. मला बघून उठला. "आओ प्रोफेसर साब. उस्तादजी के बाद तो तुम रस्ताच भूल गए."

मी धुराचं सांगितलं, तेलाचं सांगितलं, धाकट्याचंही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि रॉकेलचा डबा माझ्यापुढं ठेवला. "पोंछो."

"मी?"

"हौ. उस्ताद क्या बोलते थे? जिसकू शक हय, वोइच पोंछेगा."

हे वाक्य तुम्ही त्याला केव्हा शिकवलंत मला माहीत नाही, मला तर असं कधी म्हणाला नव्हतात. मी पँटच्या दुमडी वर केल्या आणि पुसलं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, कॉलेजची रजा टाकून. त्यानं मोजा थोपटला, आम्ही दोघं गाडी घेऊन जालना रोडला लांबवर जाऊन आलो, आणि त्याच्या फरशीवर, सपाट, गाडी उभी करून बॉनेट उघडलं. सगळं पांढरं. शंखाचा जोड कोरडा, फिल्टर कोरडा, तेल काढायचा खालचा बूच कोरडा. ओली रेघ एकच, आणि ती सगळ्यात वरून, तेल ओतायच्या झाकणापासून निघून गरम पाइपावर उतरलेली. तिथं ना वायसर फाटलेला, ना कुठं तडा. तिथं फक्त कुणीतरी गबाळेपणानं तेल ओतलेलं होतं. पूड तिथंच ओली झाली कारण रॉकेलचा ब्रश मी झाकणाच्या खाचेत फिरवला नव्हता; म्हणजे पुसतानाही मी कमी पडलो होतो. फरशीवरचा डाग तो, जळका वास तो. माझ्या प्रश्नपत्रिकेचं नरसाळं गळत होतं.

मग त्यानं शंखाची रबरी नळी काढली, आत बोट घालून पातं फिरवलं; ते फिरलं, पण आजूबाजूला हलवून पाहिलं तर हलेना. "एकदम टाइट. तुमारे भाई ने अच्छीच गाडी दी." मग डिपस्टिक काढली, आणि ती हातात धरून माझ्याकडं बघत राहिला. तेल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर.

"तेल कौन डाला?"

"मीच."

"कायकू?"

"कमी दिसत होतं."

"किधर देखे?"

"घरी."

"घर कैसा हय?"

मी हातानं चढ दाखवला. माझा हात तसाच हवेत राहिला, नाक वर करून. मिस्तरी उकिडवा बसला, दाढीत तोंड खुपसलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले. वीस वर्षं तुमच्याकडं राहून तो तुमच्यासारखाच हसतो, आवाज न करता. गाडी नाक वर करून उभी, म्हणजे तेल सगळं मागं सरकलेलं, आणि या गाडीची डिपस्टिक पुढं. तेल कधी कमी नव्हतंच. हसून झाल्यावर त्यानं नीट समजावलं. शंखात तेल वरून येतं आणि आपल्या वजनानं खाली इंजिनात उतरतं. खाली आधीच गळ्यापर्यंत भरलेलं असेल तर ते उतरणार कुठं? मग शंखाच्या फटींतून हवेच्या वाटेला लागतं, जळतं, निळा धूर होतो. धुरामुळं तेल खरंच कमी व्हायला लागतं, आणि प्रोफेसर पुन्हा ओततात. "और दो हप्ते डालते ना साब, तो गाडी खुद का तेल पीके भागती. फिर चाबी निकाल लो, तो भी नै रुकती." या वाक्याला त्याचे खांदे हलले नाहीत. त्या गाडीत रोज तुमची सून बसते.

आगीवरून धुराचं अनुमान करता येत नाही, असं आम्ही शिकवतो. तापून लाल झालेल्या लोखंडात आग असते, धूर नसतो. धूर निघायला आगीत ओलं सरपण पडावं लागतं. त्या सरपणाला आमच्या शास्त्रात उपाधी म्हणतात, आणि परीक्षेत ती हमखास विचारली जाते. चार महिने, आधी कमी तेलाकडं आणि मग निळ्या धुराकडं बोट दाखवत मी भाऊ लबाड आहे हे सिद्ध करत होतो, आणि दर शनिवारी पूजा झाल्यावर ओलं सरपण स्वतःच्या हातानं घालत होतो. हा प्रश्न परीक्षेत आला असता तर मी मला नापास केलं असतं.

जास्तीचं तेल काढलं, नळ्या धुतल्या. दोन दिवस गाडी थोडी निळसर राहिली, मग स्वच्छ झाली. पुढच्या रविवारी मी पिशोरला गेलो. सांगायलाच गेलो होतो, नाना. दौलताबादच्या घाटात आरशात बघत होतो, मागचा मोटारसायकलवाला लख्ख दिसत होता. कन्नडच्या पुढं तर मी पहिलं वाक्य पाठही करून ठेवलं.

धाकटा दारात उभाच होता. मला नमस्कार नाही, या-बसा नाही, थेट गाडीच्या मागं गेला. खिशातून पांढरा रुमाल काढला, तुम्ही काढायचात तसा चार घड्यांचा, मला म्हणाला, "दादा, जरा रेस दे." मी दिली. त्यानं सायलेन्सरपाशी धरलेला रुमाल उलटापालटा करून पाहिला, उन्हाकडं धरला. कोरडा. मग खाली बसला तसाच, ओट्यावर.

"शंख बदललास?"

"नाही."

"मग?"

"मिस्तरीनं काहीतरी केलं."

"सुटलो बाबा," तो म्हणाला. "दादा, खरं सांगू, तुझा फोन आल्यापासून मी एकही गाडी घेतली नाही. नवीन कुणी आणली की बॉनेट उघडायचो आणि हात थांबायचा. म्हटलं, पात्याचा खेळ मला कळला नाही म्हणजे नानांनी शिकवलेलं डोळ्यांतून गेलं. तुझ्यावर राग नव्हता रे. माझंच चुकलं असेल."

तुमच्या धाकट्या सुनेनं चहा आणला. ट्रेमध्ये दोन कप होते. मी पहिला कप उचलून त्याला दिला. त्यानं घेतला, आणि काय समजायचं ते समजला की नाही, मला कळलं नाही. तुमच्या गॅरेजात तेवढं पुरलं होतं. इथं पुरलं नाही, कारण तो म्हणाला, "पुढच्या वर्षी श्राद्धाला येऊ ना?" आणि मी "हो, ये की" म्हणालो, जणू मी त्याला क्षमा करत होतो.

पाठ केलेलं वाक्य तसंच परत घेऊन आलो. आता गाडी फाटकाबाहेर सपाट रस्त्यावर उभी करून तेल बघतो, आणि वरच्या खुणेला टेकलेलं असतं तरी दर शनिवारी बघतो, ही खोड गेलेली नाही. हे सगळं तुम्हाला लिहायला मला कठीण गेलं नाही, कारण हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही. ज्याच्यापर्यंत पोचेल तो दीड-दोन तासांवर राहतो, आणि त्याला लिहायला बसलो की मी अजून "प्रिय" या शब्दापुढं गेलेलो नाही.